आबा नसताना पाहिलेली लेणी

भडगाव तालुक्यातल्या त्या गिरणाकाठच्या गावात पितांबर आबांइतकं जग पाहिलेला दुसरा माणूस नाही, आणि जगाला इतके कमी मार्क देणाराही दुसरा सापडायचा नाही. मुलगा हितेंद्र पुण्यात मोठ्या कंपनीत, सून मोनालीही नोकरीची. दोघांना श्वास घ्यायला सवड नाही, पण आईवडिलांनी जग बघावं ही हौस मात्र दांडगी. त्यामुळे दर दीड-दोन वर्षांनी हितेंद्र एखाद्या टूरवाल्याकडे दोघांची नावं नोंदवून मोकळा व्हायचा. मग आबा आपल्या पांढऱ्या टोपीवर टूरवाल्याची निळी टोपी चढवून निघायचे. मागून बेबाबाई, साडीखाली पांढरे बूट घालून, हातात चिवड्याची पिशवी.

आबांची जग बघायची पद्धत ठरलेली. बसचं दार उघडलं की पहिले खाली उतरणार. हात मागे बांधणार, समोर जे काही असेल ते वरपासून खालपर्यंत एकदाच न्याहाळणार, बाजारात बैल बघतात तसं. आणि मग निकाल. दीड मिनिट, फार तर दोन. त्यानंतर वळून बायकोला म्हणणार, "चाल, चहा कोठे भेटस ते देख."

ताजमहालासमोर आबा म्हणाले, "बांधकाम पक्कं शे. पन ऱ्हावाले कोनी नही." एवढ्यावर थांबतील तर ते आबा कसले! तिथल्या पहारेकऱ्याला गाठून त्यांनी विचारलं, या जागेचा सातबारा कोणाच्या नावावर आहे? तो बिचारा हिंदी बोलणारा. त्याला वाटलं, सात-बारा म्हणजे म्हातारा वेळ विचारतोय. त्याने घड्याळ दाखवलं.

दुबईच्या त्या आभाळाला टेकलेल्या इमारतीखाली सगळी मंडळी माना मोडून वर बघत होती. आबा म्हणाले, "लाइट गयी म्हंजे वरला लोकेस्ले पानी कोन दी?" पॅरिसच्या लोखंडी मनोऱ्यापाशी म्हणाले, "टावर उभा करा, पन तारा टाकानं ऱ्हाई गयं." इटलीतला तो कललेला मनोरा बघून तर त्यांना गवंड्याची दयाच आली. गावच्या पाण्याच्या टाकीलाही तसाच कल आहे, पण तिच्याखाली उभं राहून कोणी फोटो काढत नाही, पळतात. आणि स्वित्झर्लंडच्या बर्फात गुडघाभर उभे राहून आबांनी अख्ख्या बसला ऐकवलं, "आपलाकडे गारा पडनात का पंचनामा व्हस. आठे तिकीट लावेल शे!"

बस हसून लोळायची. गावात परतल्यावर तर काय, ओट्यावर जत्राच. शेजारचा अभिमन रोज संध्याकाळी चार माणसं गोळा करून आणायचा आणि म्हणायचा, "आबा, तो बर्फाचा किस्सा पुन्हा सांगा." आबा सांगायचे. लोक पोट धरून हसायचे. बेबाबाई आत चहा टाकायची, पहिला दहा कपांचा, मग पुन्हा सहा कपांचा.

आता खरं सांगायचं तर बेबाबाईही पहिल्यांदा हसली होती. नवरा विनोदी आहे, व्यसनी नाही, चारचौघांत मान आहे, आणखी बाईमाणसाला काय पाहिजे, असं तिच्या आईनेही म्हटलं असतं. पण एकदा मका निवडता निवडता तिला वाटलं, जरा ताजमहाल आठवून बघू. डोळे मिटले. तर आठवला सातबारा. पुन्हा प्रयत्न केला. तो घड्याळ दाखवणारा पहारेकरी आठवला. संगमरवर काही केल्या येईना. पॅरिस आठवायला गेली तर वावरातला हायटेन्शनचा खांब पुढे उभा. चार देश फिरून आलेली बाई, पण तिच्याजवळ स्वतः पाहिलेलं असं काही उरलंच नव्हतं. जिथे म्हणून ती नजर टाकायला जाई, तिथे आबांचा निकाल आधीच पोहोचलेला असे. त्या दिवशी तिला असा राग आला की हातातलं निवडायचं सूप तिने तिथेच आदळलं. मेलं एक तरी ठिकाण आपल्याला आपल्या डोळ्यांनी बघायला मिळू दे, एवढंच तिचं मागणं होतं. पण हे बोलणार कोणापुढे? चार देश फिरून आलेल्या बाईची तक्रार गावात कोणी ऐकून घेतली असती का? तोंडावरच हसले असते.

यंदा हितेंद्रने इजिप्तचं ठरवलं होतं. आबांचा पिरॅमिडवरचा निकाल ऐकायला अभिमन आधीच अधीर झालेला. पण फेब्रुवारीत आबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि डॉक्टरांनी तीन महिने पायरी चढायची नाही म्हणून सांगितलं. इजिप्त रद्द झालं. गाव हळहळलं.

बेबाबाईला मात्र त्याच आठवड्यात सुनंदाबाई भेटली. ही अंगणवाडीतून रिटायर झालेली, तोंडाने फटकळ आणि पायाने भिंगरी. ती म्हणाली, "अक्का, तू लंडन-पॅरिस करी उनी, पन अजंठा देखं का?"

बेबाबाईने नाही म्हटलं. सुनंदाबाईनेही पाहिलेलं नव्हतं. उभ्या गावात कोणी पाहिलेलं नव्हतं, शाळेच्या सहलीची पोरं सोडली तर. जपानहून माणसं विमानं बदलत येतात ते बघायला, आणि इथून पाचोरा, पाचोऱ्याहून पहूर, पहूरहून फर्दापूर, सकाळी निघालं तर जेवणाच्या आत पोचतो. पण जवळ असलेल्या गोष्टीला टूर कोण म्हणणार? त्यासाठी बॅग भरावी लागत नाही, कोणी हार घालत नाही, आल्यावर ओट्यावर सांगताही येत नाही.

आबांना विचारलं तेव्हा ते खाटेवर पाय लांब करून बसले होते. "अजंठा? काय शे त्यामा? दगडमा भोकं." न बघताच निकाल! तरी मनाचे वाईट नाहीत ते. मग म्हणाले, "जाय. पन दुपारले फोन करजो." बेबाबाईने कळण्याच्या भाकरी, ठेचा आणि शेवेची भाजी करून झाकून ठेवली आणि सुनंदाबाईबरोबर पहाटेची गाडी धरली.

लेण्यांपाशी पोचल्या तेव्हा ऊन चढलं होतं. डोंगराच्या कुशीत नालाकृती वळण, खाली वाघूर नदी जवळजवळ कोरडी. पायऱ्या चढता चढता सुनंदाबाईने डोली उचलणाऱ्यांशी दोनदा भाव केला आणि दोनदा नको म्हणाली. पहिल्या लेण्याच्या दाराशी चपला काढल्या आणि दोघी आत शिरल्या.

आत मिट्ट काळोख. बाहेरच्या उन्हातून आल्यावर काहीच दिसेना. आणि बेबाबाईच्या कानात लगेच सुरू झालं: अंधारमा काय देखस? चाल, चहा कोठे भेटस ते देख. आबा वीस कोसांवर खाटेवर होते, तरी त्यांचा आवाज अगदी जवळून आला. तिचे पाय सवयीने दाराकडे वळलेसुद्धा.

तेवढ्यात तिथला राखणदार म्हणाला, "मावशी, लगेच जाऊ नका. उभ्या राहा थोडं. डोळ्यांना सराव होऊ द्या."

ती उभी राहिली. सोबत चहाची घाई करणारं कोणी नव्हतं. सुनंदाबाई छताकडे बघत पुढे गेली. कानातला आवाज दोन वाक्यं बोलला, मग त्याच्याजवळचं संपलं. आणि भिंत हळूहळू पुढे येऊ लागली. आधी नुसता तांबूस रंग. मग एक खांदा. मग हातात धरलेलं निळं कमळ, डोक्यावरचा मुकुट, एका बाजूला कललेली मान. सगळ्यात शेवटी चेहरा. डोळे खाली झुकलेले.

हा कोण, हे बेबाबाईला ठाऊक नव्हतं. पाटीवर लिहिलेलं असेल, तिने वाचलं नाही. तिला एवढंच कळलं की हा माणूस कोणाचं तरी ऐकून घेतोय. मध्येच बोलायचं नाही, उत्तर तयार ठेवायचं नाही, नुसतं ऐकायचं, असा तो चेहरा. एक्केचाळीस वर्षांच्या संसारात असा चेहरा केलेला पुरुष तिने पाहिला नव्हता. बापाचा नाही, भावाचा नाही, पोटच्या पोराचासुद्धा नाही, त्याला तर फोनवर नेहमी मीटिंग असते. बाई गं, कोणी काढला असेल हा, असं ती मोठ्याने म्हणाली, आणि शेजारी उभ्या असलेल्या एका परदेशी बाईने काही न कळता मान डोलावली.

चार लेणी झाल्यावर सुनंदाबाईचे गुडघे बोलू लागले. ती झाडाखाली भाकरीची शिदोरी सोडून बसली. बेबाबाई एकटीच पुढे गेली, एकेका लेण्यात शिरत, दर वेळी अंधारात थांबत. शेवटच्या लेण्यात गेली ती पाऊण तास बाहेरच आली नाही. आली तेव्हा डोळे लाल होते. सुनंदाबाईने विचारायला तोंड उघडलं आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच मिटून घेतलं. दुपारचा फोन राहून गेला. आत रेंज नव्हती, आणि बाहेर आल्यावर तिच्या लक्षात आलं नाही.

संध्याकाळी अभिमन माणसं घेऊन ओट्यावर हजर. आबा खाटेवर उठून बसले, टोपी नीट केली. "काय शे तठे? दगड-"

"तुम्ही व्हतात का तठे?" बेबाबाई म्हणाली.

आबांची टोपीवरची बोटं तशीच राहिली. अभिमनने सगळ्यांच्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "मग अक्का, तुम्हीच सांगा."

बेबाबाईने सांगितलं. आता काय आहे, सांगण्याची कला म्हणून एक असते, ती काही तिच्याजवळ नव्हती. आत अंधार होता म्हणाली. मग थोड्या वेळाने दिसायला लागलं म्हणाली. एक माणूस होता, हातात फूल, तो ऐकत होता. एवढं बोलून ती थांबली. कोणी हसलं नाही, कारण हसण्यासारखं काही नव्हतं. एकाला जांभई आली. दहा मिनिटांत ओटा रिकामा झाला आणि चहाही उरला.

सकाळी ती चुलीपाशी असताना आबा काठी टेकत आत आले. इतक्या वर्षांत ते स्वयंपाकघरात ताटाशिवाय कधी आले नव्हते. दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले, उगाच घसा खाकरला.

"तो मानूस," ते म्हणाले, "कोनं ऐकी ऱ्हायंता?"

कोणाचं ऐकत होता म्हणे! बेबाबाईने भाकरी उलटली. "बायकोनं व्हई."

आबांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाले, "मंग त्याले देखाले आख्खी दुनिया येस, त्यामा काय नवल!"

हसू तिला आवरलं नाही. मेला बोलतोच असं! हसता हसताच तिला पुढचं कळून चुकलं. दुपारपर्यंत ते वाक्य अभिमनकडे पोचणार, संध्याकाळी ओट्यावर गाजणार, आणि पुढच्या महिन्यात तिने आठवायला डोळे मिटले की त्या चेहऱ्याच्या जागी आबा उभे असणार. झालंही तसंच. आज गावात अजिंठ्याचं नाव काढा, लोक आबांचं वाक्य सांगतात आणि टाळी देतात. आबांनी लेणी पाहिलीच नाहीत हे कोणाच्या लक्षातही नाही.

पण ते सगळं नंतर. त्या सकाळी आबा काठीवर रेलून अजून तिथेच उभे होते, गेले नव्हते.

"आखो काय देखं तू?" त्यांनी विचारलं. आणि हे 'आणखी काय' विचारताना त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती.

बेबाबाईने वर पाहिलं. तिच्याजवळ त्या डोंगरातली कितीतरी लेणी होती, आणि त्यातलं ते शेवटचं. तव्यावरची भाकरी तिने टोपल्यात ठेवली, वरून फडकं झाकलं.

"बस, येवढंच," ती म्हणाली.