बियाण्याच्या मुगाचं कढण

आमच्या वाडीत आता कोणी आजारातून उठलं की त्याच्या घरचं माणूस तांब्या घेऊन माझ्या दारात येतं. मुगाचं कढण हवं असतं. मी चुलीपुढं बसतो आणि करून देतो. परवा पोलादपूरच्या बाजारात एकाने मला थांबवून विचारलं, "काका, ते कढणवाले तुम्हीच ना?" मी म्हटलं, "मीच." माझी शाळा दुसरीत सुटली. पण हे नाव मला कोणी फुकट दिलेलं नाही.

कापडे गावाच्या वर डोंगरात आमची वाडी. घरात दोघंच, मी आणि माझी बायको. मुलगा मुंबईला. गणपतीला आला, विसर्जन करून गेला, आणि तो गेला तसा हिला ताप भरला. टायफॉईड निघाला. महाडला दवाखान्यात ठेवली, ताप उतरला, घरी आणली. पण पोटात काही जाईना. भाताचा वास आला की तोंड फिरवायची. चहा घेतला तर तोही बाहेर. कूस बदलायची तरी मला हात द्यायला लागायचा. डॉक्टरांनी निघताना बजावलं होतं, "आजोबा, औषधाचं काम झालं. आता काहीतरी पातळ, हलकं पोटात गेलं पाहिजे. नाहीतर परत इथे आणावं लागेल."

मुलाचा फोन आला तेव्हा मी हे जसंच्या तसं त्याला सांगितलं.

"बाबा, मी संडेला गाडी घेऊन येतो. आईला इकडं नेतो."

"कशाला?"

"कशाला काय? तिकडं तिला करून कोण घालणार? तुमी?"

"मी."

तो हसला. "बाबा, तुमाला चहा तरी येतो का करता?"

चहा मला येत नव्हता, हे खरं. पण हसायचं काय त्यात? मी म्हटलं, "रविवारी ती खातीपिती दिसली तर?"

"तर बघू."

"बघू नाय. तर नेणार नाय, असं म्हण."

"बरं बाबा. नाय नेणार."

ही खाटेवरून सगळं ऐकत होती. फोन ठेवल्यावर भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "मला तिकडं धाडू नका वो. चौथ्या माळ्यावर नेऊन ठेवतील. खाली माती दिसायची नाय. तिकडं गेले तर मी परत यायची नाय."

"कोण धाडतंय तुला?" मी म्हटलं. म्हटलं खरं, पण तिच्या पोटात काही उतरलं नाही तर मुलगा उचलून नेणार, आणि मला त्याच्यापुढं तोंड उघडायला जागा राहणार नाही, हे मला कळत होतं. दुसऱ्या दिवसापासून मी चुलीपुढं बसलो. गॅस आहे घरात, पण तो माझं ऐकत नाही.

खालच्या दुकानातून पिवळी मूगडाळ आणली आणि शिजत घातली. आमच्या घरात पातळ आमटी वाढायची नाही, हा माझ्या वडिलांचा कायदा. आमटी पानात पळाली की घराची अब्रू पळाली, असं ते म्हणायचे. म्हणून मी डाळ आटवली. पळी उभी राहील इतकी आटवली.

शेजारच्या घरात माझी वहिनी राहते, थोरल्या भावाची बायको. भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली. दोन घरांच्या मध्ये नुसता कारव्यांचा बुटका कुड आहे, आणि त्या कुडावरून तिची मान दिवसभर इकडं असते.

"भावोजी, म्हशीला आंबोण शिजवताय काय?"

"तुमाला काय करायचंय?"

"मला काय! म्हैस इकून लय वर्सं झाली तुमची, म्हणून इचारलं." मग जरा थांबून म्हणाली, "सरा, मी देते करून."

"नको."

"अवो, ती उपाशी हाय."

"मी करीन म्हटलंय ना? मग मीच करीन."

ते उगाच नव्हतं. वहिनीने केलं असतं तर रविवारी मुलगा म्हणाला असता, काकी होती म्हणून निभावलं, रोज कोण करणार? आणि ते मला ऐकायचं नव्हतं.

हिने एक चमचा जिभेवर घेतला आणि पदरात काढला. "दुकानाचा वास येतो," म्हणाली. दुसऱ्या दिवशी तीच डाळ, तोच वास. शनिवार उजाडला तरी पोटात पाण्याच्या घोटाशिवाय काही नव्हतं.

घरचा मूग हवा होता. भातकापणी झाली की त्याच खाचरात, जमिनीत ओल आहे तोवर, आम्ही मूग पेरतो. त्याला वास चांगला. पण खायचा मूग श्रावणातच संपला होता. माळ्यावर उरलं होतं ते बियाण्याचं मडकं.

त्या मडक्याला पुरुषाने हात लावायचा नाही. सगळं घरच्या बाईचं असतं. मूग निवडून, उन्हं देऊन, चुलीच्या राखेत घोळवायचा म्हणजे कीड लागत नाही. मग मडक्यात भरायचा, तोंडावर फडकं बांधायचं आणि वर शेणाने लिंपायचं. कार्तिकात पेरणीच्या सकाळी तीच ते फोडते. मधल्या काळात घरात दाणा नसला तरी बियाणं कोणी खात नाही. बियाणं खाल्लं त्याचं घर बसलं, असं आमच्याकडं लहान पोरालाही माहीत असतं.

मी मडकं खाली उतरवलं आणि कोयत्याच्या मुठीने लिंपणावर एक हाणली.

"काय फुटलं?" आतून आवाज आला.

"काय नाय. नारळ."

"नारळ असा वाजत नाय."

 दोन मुठी मूग उकळत्या पाण्यात टाकले आणि ढवळू लागलो. राख होती दाण्यांना, पण मला वाटलं उकळली की वर येईल, काढून टाकू. कसली येते! सगळं टोप राखाडी झालं, धुणं भिजवलेल्या बादलीसारखं. मी वाकून बघतोय तोच माझ्या अंगावर सावली पडली.

ही दारात उभी होती. चौकट धरून, पदर लोळतोय, पण उभी.

"बियाण्याला हात लावलात?"

"तुझ्यासाठीच..."

"मी सांगितलं होतं? आणि हे काय, राखेसकट? माझ्या पोटात भांडी घासायचीत का?"

कुडावरून वहिनी ओरडली, "उठली का गो? बया, उठली! भावोजी, अजून एक मडकं फोडा, म्हंजी नाचंल!"

मी हिला धरून चुलीजवळ पाटावर बसवली, भिंतीला टेकवून. तिचा श्वास जरा खाली बसला आणि मग तिने मला कामाला लावलं.

"वता ते. दुसरे मूग घ्या. चोळून धुवा. अजून. पाणी कसं दिसतंय?"

"जरा काळं."

"मग इचारता काय? धुवा."

पाणी निवळ झालं तेव्हा मूग फडक्यावर पसरले, पाणी टिपलं आणि कढईत घातले. "जाळ वढा भाईर. भाजायचा हाय मूग, जाळायचा नाय." मी लाकूड मागं ओढलं आणि हलवत राहिलो. थोड्या वेळाने घरात असा खमंग वास सुटला की कुडापलीकडची बडबड थांबली. हिने डोळे मिटून वास घेतला. कितीतरी दिवसांनी तिने एखाद्या वासाला तोंड फिरवलं नाही. ते बघून मला बळ आलं.

मग टोपात पाणी ओतायला सांगितलं. मी ओतलं.

"अजून."

"अगो, पळंल ते."

"पळू दे. मला गिळायचंय."

"आमच्या घरात पातळ..."

"तुमचं घर मला सांगू नका. मामंजी शेवटच्या दुखण्यात काय पीत होते? हेच. असंच पातळ. मीच पाजायचे. तुमी शेतावर असायचात."

हे मला माहीत नव्हतं. ज्याने कायदा केला तोच मोडून गेला होता. मी तांब्या उचलला आणि तिने पुरे म्हणेपर्यंत ओतत राहिलो.

मूग फुटून पार विरघळले, तसे रवीने घोटले आणि स्वच्छ फडक्यातून गाळले. "पिळू नका, आपसूक गळू दे." गळू दिलं. गळलेलं पाणी परत चुलीवर ठेवलं. त्यात मीठ, जिरं, ठेचलेलं आलं. हे सगळं तिचं. पण एक आमसूल मी माझ्या मनाने टाकलं. तिने बघितलं, पण काढून टाका म्हणाली नाही. आजही कोणी म्हणतं की तुझ्या बायकोने शिकवलं, तेव्हा मी त्याला सांगतो, आमसूल माझं आहे.

वाटीत काढलं, वर तुपाचा थेंब सोडला. हिरवट, पातळ, तळ दिसावा असं.

"बियाणं हाय, टाकून कसं द्यायचं?" ती म्हणाली. "आणा इकडं."

ती प्यायली. मी तिच्या गळ्याकडं बघत होतो. घोट उतरला, दुसरा उतरला, वाटी रिकामी झाली. मग मी उंबऱ्यावर बसून राहिलो, उलटते का बघत. नाही उलटलं. दिवेलागणीला आतून हाक आली, "वो, हाय का अजून?"

भात झोडपून रास लागली की माणूस कसा ताठ चालतो, तसा मी चुलीकडं गेलो.

रविवारी मुलगा आला. गाडीच्या मागच्या सीटवर त्याने उशी मांडली होती, चादर अंथरली होती. आई त्याची ओटीवर बसलेली, हातात वाटी.

"आई, कशी हायेस?"

"दिसत नाय? पितेय."

त्याने वाटीतला एक घोट घेतला, मग दुसरा. "मस्त हाय. काकीनं केलं?"

"मी बोटसुद्धा लावलं नाय," वहिनी कुडावरून म्हणाली. "मी म्हटलं करते, तर अंगावर आला तुझा बाप."

मी वाटी परत काठोकाठ भरली. बोलायला कशाला पाहिजे?

मुलगा तरी हट्ट सोडीना. माझंच रक्त. "आई, चार दिवस चल. चेकअप करू, उगाच रिस्क नको."

"तुझ्या बापानं मडकं फोडलंय," ही म्हणाली. "फोडलेलं बियाणं राहत नाय, किडतं. ते सगळं पिऊन संपवल्याबिगर मी कुठं हलत नाय."

तेव्हा मला जी धास्ती होती ती तोंडातून निघाली. "आणि कार्तिकात पेरायचं काय?"

दोघी बायका एकमेकींकडं बघून हसल्या. वहिनी म्हणाली, "तिचं अर्धं बियाणं माझ्या माळ्यावर असतं, भावोजी. माझं अर्धं तिच्याकडं. एका घराला आग लागली तर दुसरीकडं राहावं. सासूबाईंपासून चालत आलंय. तुमा पुरुषांना काय ठाऊक!"

मी हिच्याकडं वळलो. "मग काल एवढी वरडलीस कशाला?"

"वरडायला बरं वाटलं," ती म्हणाली आणि वाटी पुढं केली.

मुलगा जेवला आणि दुपारी निघाला. मी त्याला म्हटलं, "काय बोलला होतास फोनवर?" तो म्हणाला, "नाय नेत, बाबा. जिंकलात." तांदळाची गोणी डिकीत ठेवली. मांडवावर काकडीचं एक जून तवसं होतं, हातभर लांब, पिवळं पडलेलं. ते मी तोडून आणलं आणि मागच्या सीटवर उशीला टेकवून निजवलं. वरून चादरही घातली.

गाडी उताराने खाली गेली. मागच्या काचेतून तवशाचं टोक दिसत होतं. ओटीवरून ही म्हणाली, "चूल इझली असंल. बघा जरा."

मी बघायला गेलो.