प्रणालीला मी ‘दिसते’ म्हणाले

मी पाणी विचारायच्या आत प्रणाली माझा फोन मागायची. पवनीला आमच्या वरच्या खोलीत ती भाड्यानं राहायची. मोबाइलची अ‍ॅपं लिहिणारी पोरगी, आणि गल्लीत सगळ्यांत जुना फोन माझा. "नव्या फोनवर सारंच चालते, मावशी," ती म्हणायची. "मले तुमचाच पाहिजे."

अ‍ॅप होतं बचत गटाच्या बायांना कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, साडीचा काठ विणायला शिकवणारं. व्हिडिओतले हात माझे, बोलणंही माझंच. जन्म मागावर गेला ना माझा. पण माझ्या फोनवर आवाज यायचा आणि चित्राच्या जागी नुसता काळोख. प्रणाली वायरनं फोन लॅपटॉपला जोडून, तो आतून काय कुरकुरतो ते ओळीनं वाचत बसायची. या फोनला व्हिडिओ उलगडता येत नाही, त्याला झेपेल असा कोड लिहावा लागेल, हे मला असं समजावायची जणू उद्यापासून मीच लिहिणार. मी कौतुक करू लागले की अडवायची. "साजरं आहे म्हणून नोका सांगू. काय दिसते तेवढंच सांगा."

नागपूरच्या कंपनीला हे अ‍ॅप पसंत पडलं, तर तिला इथूनच कायमचं काम मिळणार होतं. आसगावला आई एकटी, म्हणून तिला तेच हवं होतं.

धानकापणीला ती आसगावला गेली. तिथून दुरुस्त अ‍ॅप पाठवून तिनं फोन केला. मी लावून पाहिलं. आवाज, काळोख. मागून तिची आई हाक मारत होती, भारे बांधायचे राहिले होते. नाही म्हटलं असतं तर पोरगी सारं टाकून पहिल्या बसनं आली असती.

"दिसते न व," मी म्हणाले. "हात दिसतात."

"नक्की?"

"हो माय. तू धान पाहा."

कंपनीच्या माणसांनी भंडाऱ्याला गटाच्या बायांसमोर अ‍ॅप उघडलं, तेव्हा अर्ध्या फोनांवर मी नुसती बोलत होते, हात कुठेच नव्हते. ऐकून काठ कोण विणणार? काम दुसऱ्यांना गेलं.

ती परत आली, माझ्या फोनवर व्हिडिओ लावला आणि संपेपर्यंत त्या काळ्या पडद्याकडे पाहत राहिली. तुझी धावपळ होईल म्हणून तसं बोलले, मी कसंबसं सांगितलं.

"आली असती न मी, मावशी," ती म्हणाली. "त्याच्यासाठीच तर विचारलं."

आता ती पुण्याला नोकरी करते. दर रविवारी फोन येतो. गुडघे विचारते, जेवण विचारते, नवं काय लिहून राहिली तेही सांगते. लावून पाहा, असं मात्र त्यानंतर एकदाही म्हणाली नाही.