वीतभर फरशी

फूटपट्टीला फूटपट्टी म्हणायचे ते तो उंच आणि काटकुळा होता म्हणून. मोजमापाशी त्या नावाचा काही संबंध नव्हता. उलट मोजायच्या टेपशी त्याचं वाकडंच होतं. डेटा सेंटरमध्ये कुठलं यंत्र कुठे उभं राहील हे ठरवायचं त्याचं काम, आणि ते तो सव्वीस वर्षं करत आला होता. रिकाम्या दालनात तो हात पाठीमागे बांधून शिरायचा. नजर खाली, ओठ हलताहेत. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालून यायचा आणि निकाल द्यायचा, "चौदा रॅकच्या सहा रांगा. सातवी घुसवाल तर रडाल." मग चहा मागवायचा.

युक्ती साधी होती. अशा दालनात खरी जमीन खाली राहते. तिच्यावर लोखंडी पाय रोवून चौकोनी फरशा बसवतात आणि मधल्या पोकळीतून केबल आणि गार हवा जाते. फरशी दोन बाय दोन फुटांची. तेव्हा फरशा मोजल्या की दालन मोजून झालं. रॅक म्हणजे यंत्रं ठेवायचं लोखंडी कपाट. ते एक फरशी रुंद, दोन फरशा खोल, आणि त्याच्यापुढे दोन फरशांची वाट. टेप घेऊन गुडघ्यांवर रांगणारा नवा इंजिनिअर दिसला की फूटपट्टी वाकून विचारायचा, "काय हो, काही हरवलंय का?" लोक हसायचे. लोक हसतात म्हणजे आपण त्यांना आवडतो, असा त्याचा बिचाऱ्याचा समज होता.

कागदावरचे रॅक जमिनीवर उभे करायचं काम मिस्त्रीचं. मिस्त्री आणि त्याची सहा माणसं. वीस वर्षांची जोडी होती ही, आणि वीस वर्षांत मिस्त्रीने त्याचा एकही रॅक बोटभर इकडचा तिकडे केला नव्हता.

नवं दालन बघायला दोघे मिस्त्रीच्या माणसांना घेऊन गेले तेव्हा पलीकडच्या भिंतीला लागून पुठ्ठ्याची खोकी रचलेली होती. मिस्त्री म्हणाला, "बाजूला करू का? पाच मिनिटांचं काम आहे."

"कशाला? खोक्यांखाली फरशी आखडते की काय?"

सहाही माणसं हसली. फूटपट्टीने दिसत होत्या तेवढ्या फरशा मोजल्या, खोक्यांखालची एक अंदाजाने मिळवली आणि मोकळा झाला. आता, फरशा एका भिंतीपासून लावत नेतात आणि दुसऱ्या भिंतीशी उरेल तेवढ्या जागेत फरशी कापून बसवतात, हे या धंद्यात काल आलेल्यालाही ठाऊक असतं. फूटपट्टीलाही ठाऊक होतं. पण सहा माणसांसमोर विनोद करून झाल्यावर खोकी हलवा म्हणायचं कसं?

दहा दिवसांनी तो कँटीनमध्ये जेवायला बसला होता, तेव्हा मिस्त्रीचा फोन आला. खोकी निघाली होती, खडूने खुणा चालल्या होत्या.

"साहेब, भिंतीकडची फरशी कापलेली आहे. वीतभरच आहे. शेवटच्या रांगेपुढे जागा..."

"मिस्त्री, कागद कोणी काढलाय?"

"तुम्ही."

"मग कागदावर आहे तसं उभं करा. डोकं माझ्याकडे, हात तुमच्याकडे. कशाला अदलाबदल करायची?"

मिस्त्री बरं म्हणाला. फूटपट्टीने हे वाक्य शेजारी जेवणाऱ्यालाही ऐकवलं, इतकं त्याला ते आवडलं होतं.

महिन्याभराने शेवटच्या रांगेतलं एक यंत्र बिघडलं. दुरुस्तीवाल्या बाईने ते रॅकमधून पुढे ओढलं आणि ते भिंतीवर आपटलं. यंत्र तीन फूट लांब, जागा पावणेतीन फूट. एका रॅकची ही गत, तर चौदाही रॅकची तीच. सगळी रांग बंद करायची, रिकामी करायची, उचलून हलवायची आणि पुन्हा जोडायची, याला दुसरा इलाज नव्हता.

मीटिंगला ते दोघे धरून अकरा जण होते. मोठे साहेब आधीच तापलेले. "मिस्त्री, रांग पुढे गेलीच कशी? फरशा मोजता येत नाहीत का तुम्हाला?"

मिस्त्रीने फूटपट्टीकडे पाहिलं. रागाने वगैरे नाही, नुसतं पाहिलं. 'चूक माझी' हे दोन शब्द बोलायचे होते. फूटपट्टीने समोरचे कागद सारखे केले आणि म्हणाला, "बघावं लागेल."

"बघायचं काय त्यात?" साहेब म्हणाले, आणि पुढच्या विषयावर गेले. पुढच्या दालनाचं काम त्याच आठवड्यात दुसऱ्या टोळीला दिलं गेलं. मिस्त्रीने आणि त्याच्या माणसांनी दोन दिवस खपून रांग हलवली, तेव्हा फूटपट्टी वरच्या मजल्यावर फायली चाळत होता. खाली उतरायची त्याची हिंमत झाली नाही.

त्यानंतर मात्र त्याचं सगळं बिनसलं. मागच्या जिन्याने यायचा, मागच्या जिन्याने जायचा. कोणी टेप घेऊन रांगताना दिसला की याचीच मान खाली. बायकोने एकदा विचारलं, "अहो, नवं कपाट या कोपऱ्यात मावेल ना?" तर हा उठला, टेप आणली आणि कोपरा तीनदा मोजला.

"तुम्ही आणि टेप?" ती पदराला हात पुसत समोर बसली. "काय झालंय ते सांगा."

त्याने सांगितलं. विनोदासकट सगळं.

"त्यांनी फोनवर सांगितलं होतं तुम्हाला?"

"हो."

"आणि तुम्ही गप्प बसलात?"

"हो."

"मग अजून इथे काय करताय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला तो मिस्त्रीच्या दारात उभा होता. एरवी या वेळी मिस्त्री घरी सापडला नसता. आज तो ओट्याशी भाजी चिरत होता. त्याने स्टूल पुढे सरकवलं, पाणी दिलं. फूटपट्टीने पाणी तसंच हातात धरलं. शेवटी म्हणाला, "माफ करा, मिस्त्री. चूक माझी होती."

"ते मला ठाऊक आहे की," मिस्त्री म्हणाला. "मला कशाला सांगताय? ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगा."

"तुम्ही का नाही बोललात तिथे?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबलो." मिस्त्रीने सुरी खाली ठेवली. "तुम्ही बोलणार नाही हे मला कळेपर्यंत साहेब पुढच्या विषयावर गेले होते."

फूटपट्टीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सोमवारी मीटिंगमध्ये तो उभा राहिला. त्याने सांगून टाकलं. खोकी, अंदाजाची फरशी, फोन, 'डोकं माझ्याकडे'पर्यंत सगळं. आपल्याला आता झापतील, कदाचित घरी बसवतील, असं त्याला वाटलं. खरं तर तसंच व्हावं असं वाटत होतं. साहेब उठले, त्याच्यापाशी आले आणि त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"बघा, याला म्हणतात मनाचा मोठेपणा! या वयात सगळ्यांसमोर चूक कबूल करायला छाती लागते."

आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या. कोणी पाठ थोपटली.

"साहेब, मिस्त्रीला परत बोलवा," तो टाळ्यांमध्येच म्हणाला.

"अहो, ते काम आता लागलं दुसऱ्यांकडे. पुढे कधी निघालं तर सांगू त्यांना." साहेब जागेवर बसले आणि गार हवेच्या यंत्रांचा विषय निघाला.

संध्याकाळी मिस्त्रीचाच फोन आला. "सांगितलंत?"

"सांगितलं. तुमच्या फोनचंही सांगितलं."

"बरं केलंत." मिस्त्रीचा आवाज जरा सैल झाला. "मग? काय म्हणाले?"

फूटपट्टीने फोन या कानावरून त्या कानावर घेतला. साहेबांचा हात, थोपटलेली पाठ, सगळं आठवून त्याचे कान तापले. सगळ्यांसमोर तो सगळं बोलला होता, पण त्यांनी आपल्यासाठी टाळ्या वाजवल्या, हे मिस्त्रीला सांगायला काही केल्या त्याची जीभ उचलेना.