राजीनाम्यावरची सही

फॉरेन्सिक सायन्सच्या एम.एस्सी.ला दुसऱ्या वर्षी आम्हाला हस्ताक्षर तपासणीचं प्रॅक्टिकल होतं. मॅडमनी एकाच माणसाच्या दहा-बारा सह्या घरून आणायला सांगितल्या. जुन्या-नव्या चालतील, झेरॉक्स नको. मी बाबांची फाइलच उचलली. त्यात माझी प्रगतिपुस्तकं होती, वीज मीटरचा अर्ज होता आणि त्यांच्या राजीनाम्याची, पेनने सही केलेली आणि कंपनीचा शिक्का मारलेली प्रतही होती.

या राजीनाम्याचा विषय आमच्या घरात कुणी काढत नसे. बाबा भोसरीला एका वर्कशॉपमध्ये पॉवर प्रेसवर होते. मी दहावीत असताना त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं प्रेसखाली गेली, आणि ते हॉस्पिटलात असतानाच राजीनामा गेला. गुंगीत असताना कुणीतरी पुढे केलेल्या कागदावर आपणच सही करून बसलो, असं बाबा समजत. पुढे ते तळवड्याच्या एका छोट्या कंपनीत स्टोअर सांभाळू लागले. पण जुन्या कामाचं बोलता बोलता मधेच स्वतःला मूर्ख म्हणायचे. मला त्यांचा राग यायचा. न वाचता सही करतातच कशी माणसं?

लॅबमध्ये मॅडम माझ्या टेबलाशी आल्या, सूक्ष्मदर्शकातून त्यांनी राजीनामा पाहिला आणि म्हणाल्या, "ही नकली तू सरावासाठी केलीस का? छान जमलीय."

मी म्हटलं, ती खरीच आहे, तेव्हा आजारी होते ते. मॅडमनी मला भिंगातून बघायला लावलं. आजारी माणसाचा हात थरथरतो, पण तो वळणावळणावर थांबून, पेन उचलून पुढचं बघत नाही. इथे पेन सहा ठिकाणी उचललं होतं. मग त्यांनी सगळ्या सह्या स्कॅन करून एकेक त्या सहीवर ठेवून बघायला सांगितलं. एका माणसाच्या दोन सह्या कधीच तंतोतंत जुळत नाहीत. माझ्या नववीच्या प्रगतिपुस्तकावरची सही मात्र राजीनाम्यावरच्या सहीवर अशी बसली, की स्क्रीनवर एकच सही उरली.

ते प्रगतिपुस्तक शाळेतून परत मिळाल्यापासून आमच्या घराबाहेर कधी गेलंच नव्हतं. घरात आम्ही तिघंच.

थेरगावला घरी पोचले तेव्हा आई मशीनवर ब्लाउज शिवत होती. मी प्रत तिच्यापुढे ठेवली. तिने पायडलवरचा पाय काढला.

"मी केली," ती म्हणाली.

स्वयंपाकघराच्या खिडकीच्या काचेवर प्रगतिपुस्तक धरून तिने सही उतरवली होती, आणि कागद स्वतः जाऊन कंपनीत दिला होता. महिनाभर आधी त्याच प्रेसने दुसऱ्या एका कामगाराचा पंजा नेला होता.

"तिसऱ्याच दिवशी कॉटवरून विचारत होते, ड्युटीवर कधी जाऊ म्हणून. मी काय करायला हवं होतं?"

जिने मला खोटं बोलल्याबद्दल एकदा दिवसभर उपाशी ठेवलं होतं, ती हीच बाई. मी फक्त एवढंच म्हटलं, की बाबांना तू सांग, नाहीतर मला सांगावं लागेल.

तिने त्याच संध्याकाळी सांगितलं. बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. ओरडतील असं वाटलं होतं, पण ते फार हळू बोलले.

"सात वर्षं मी स्वतःलाच मूर्ख म्हणत होतो. तू ऐकत होतीस."

आई रडायला लागली. ते उठून बाहेर गेले. चार दिवस दोघांत बोलणं नव्हतं. डबा ती भरून ठेवायची, ते न बोलता घेऊन जायचे. पाचव्या दिवशी त्यांनी मला भिंग आणायला लावलं आणि दोन्ही सह्या कितीतरी वेळ निरखल्या. शेवटी आईला हाक मारून, पेन कुठे कुठे उचललं होतं ते तिलाच दाखवायला सांगितलं. ती त्यांच्या शेजारी बसली आणि बोटाने दाखवू लागली.