सोलून किती

ओल्या तुरीच्या शेंगांचा हिरवा वास आला की नंदनवन वस्तीतल्या आमच्या घरातली ती दुपार आठवते. मी अन् माझी बायको अंगणात शेंगा सोलत बसलो होतो. दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम तेच. तेवढ्यात तिचा धाकटा भाऊ आला. आमची सगळी जमापुंजी त्यानेच आपल्या गुंतवणूक कंपनीत टाकायला लावली होती. मोबाइल पुढे करून म्हणाला, “ताई, पाह्य, तुहा पैसा कसा वाढून राहिला!” हिने विचारलं, “हा नफा टरफलासकट हाय का गा, का सोलून?” तो हसला. “तुही शपथ, निव्वळ दाणे.” संध्याकाळी तिच्या छातीत कळ आली. दवाखान्याने ऑपरेशनआधी पैसे भरायला सांगितले, म्हणून मी त्याला फोन केला. “भाऊजी, मुदतीआधी काढले तं अर्धे कटतात. कंपनीची फी, माहं कमिशन, वरून बाजार पडला. अन् हाती यायले आठ दिवस लागतात.” “मंग दुपारी ताईले काहून नाही सांगितलं?” त्याने फोन ठेवला. मी शेजाऱ्यांपुढे हात पसरून परत येईपर्यंत ती गेली होती. तिरडीजवळ तो रडत आला, माहेरची शेवटची हिरवी साडी घेऊन. ती मी त्याच्या हातून काढून घेतली, तिच्या अंगावर पडू दिली नाही. तिच्या रोजच्या साडीतच तिला नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेल्या शेंगा मी एकट्याने सोलल्या, सगळी टरफलं त्या हिरव्या साडीत बांधली, मनीषनगरला त्याच्या घरी गेलो अन् गाठोडं फाटकाला टांगून आलो.