अहो, हळू बोला

धोंडू शिगवण बायकोच्या कानात काही सांगायला वाकले की शेजारच्या तीन घरांना ते आपसूक ऐकू जायचं. यात त्यांचा दोष नव्हता. पोफळीला डोंगराच्या पोटात जे वीजघर आहे, तिथे त्यांची सगळी नोकरी झाली. यंत्रं सुरू असली की तिथे बाजूला उभ्या असलेल्या माणसाला ‘चहा घेणार काय’ एवढं विचारायचं तरी छाती भरून घ्यावी लागते. वर्षानुवर्षं तसंच बोलून त्यांच्या गळ्याला तो एकच सूर राहिला. पोफळीच्या वसाहतीत ते खपून जायचं, कारण तिथले निम्मे पुरुष तसेच बोलत. संध्याकाळी नळावरच्या बायका सावित्रीला म्हणायच्या, “तुमचे आले वाटतं,” आणि बऱ्याच वेळाने धोंडू वळणावर दिसायचे.

सावित्रीने संसारात सर्वांत जास्त वेळा म्हटलेलं वाक्य म्हणजे “अहो, हळू बोला.” मुलगा निलेश बोलायला लागला तेव्हा ‘आई’ म्हणायच्या आधी ‘हलू बोला’ म्हणाला, असं ती सांगायची. ते खरं नसावं, पण ऐकणाऱ्याला पटायचं.

धोंडू निवृत्त झाले आणि क्वार्टर सोडायची वेळ आली. धोंडूंच्या गावच्या घरात तीन भावांचे संसार आधीच मावत नव्हते. सावित्रीचं माहेर समुद्रकाठच्या पावस गावचं. लग्न झाल्यापासून तिने डोंगरच बघितला होता. आता तिला समुद्राजवळचं, विहीर असलेलं, दोन माड असलेलं लहानसं घर हवं होतं. निलेश मुंबईत नोकरीला, त्यामुळे शोधायचं काम दोघांवरच. रत्नागिरीजवळ, भाट्याच्या पुलापलीकडे एका वाडीत त्यांनी दोन खोल्या भाड्याने घेतल्या आणि काशीराम नावाच्या दलालाला धरून घरं बघायला सुरुवात केली.

पहिलं घर रत्नागिरी शहरातलं होतं. मालकीणबाईंनी चहा केला, पोहे केले. सावित्री मागची खोली बघत होती तेवढ्यात धोंडू तिच्या कानाशी लागले आणि आपल्या मते कुजबुजले, “घर बरा आहे गो, पण भिंतीला ओल आहे. कपाट मुद्दाम पुढे लावलंन!” स्वयंपाकघरात कपबशी आपटल्याचा आवाज आला. पोहे आलेच नाहीत.

दुसऱ्या ठिकाणी मालक स्वतःच मोठा बोलघेवडा. घर किती लाभाचं आहे, इथे राहून मुलगा कसा परदेशी गेला, हे सांगत होता. धोंडूंनी ओठ न हलवता मत दिलं, “ह्याच्या तोंडाला कुलूप नाय. घर विकायला काढलंय की स्वतःला?” काशीरामला त्या दिवशी चपला हातात घेऊनच निघावं लागलं.

मग सावित्रीने युक्ती काढली. “तुम्ही बोलायचंच नाही. आवडलं तर मान हलवा. मी चिमटा काढला तर गप्प बसा.” तिसऱ्या घरात धोंडूंनी तोंड उघडलं तसा तिने दंडाला चिमटा काढला.

“आई गं! चिमटा का काढतेस?” धोंडू ओरडले. “मी अजून म्हटलंय काय? जिना अरुंद आहे एवढंच म्हणणार होतो!”

घराचा मालक जिन्यावरच उभा होता.

काशीराम मार्चात म्हणाला, “वहिनी, पुढच्या वेळी तुम्ही एकट्याच या.” पण पुढची वेळ आलीच नाही. टाळेबंदी लागली. रस्ते ओस पडले, पुलावर पोलीस बसले, आणि दोघं त्या दोन भाड्याच्या खोल्यांत अडकली. वाडीत कुणाची ओळख नाही. सामान निम्मं खोक्यांत. सावित्री घाबरून गेली होती. परक्या ठिकाणी नवऱ्याचा आवाज म्हणजे तिला उघड्यावर वाळत घातलेल्या कपड्यांसारखा वाटायचा. ती दारं-खिडक्या लावून घ्यायची, आणि धोंडू आतून विचारायचे, “उकडतंय गो, खिडकी का लावलीस?” ते रस्त्यापर्यंत जायचं.

मे महिन्यात मुंबईचे चाकरमानी यायला लागले. काही जण शाळेत राहिले, काहींनी आपापल्या घरात स्वतःला चौदा दिवस कोंडून घेतलं. त्यांची रोज विचारपूस करायचं काम वेदिकाकडे होतं. ती आरोग्य खात्याची, वाडीची आशाताई. अंगाने काडी, आवाज त्याहून बारीक. घराभोवतीच्या दगडी गडग्याबाहेर उभं राहून, तोंडावर मास्क लावून ती विचारायची, “ताप आहे का? खोकला?” आतून उत्तर यायचं, “काय म्हणता?” ती पुन्हा विचारायची. चार दिवसांत तिचा घसा बसला.

पाचव्या दिवशी ती समोरच्या घरापुढे उभी राहून हातवारे करत होती. धोंडू पडवीत शेंगा सोलत बसले होते. त्यांना राहवलं नाही.

“ताप आहे काय, विचारतायत!” ते बसल्या जागेवरून म्हणाले.

समोरच्या घरातून उत्तर आलं, “नाय!” त्याच्या शेजारच्या घरातूनही आलं, “नाय!” आणि पार आंब्याखालच्या घरातून कुणीतरी ओरडलं, “आमच्याकडे पण नाय, पण तांदूळ संपलेत!”

वेदिका हातातली पेन्सिल तशीच धरून वळली. सावित्री लाजेने आत पळायच्या बेतात होती. पण वेदिका गडग्याशी आली आणि फाटक्या आवाजात म्हणाली, “काका, उद्या माझ्याबरोबर फिराल?”

धोंडूंना वाटलं, चेष्टा करते. सावित्रीलाही तेच वाटलं. हा आवाज कुणी मागून नेईल हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून धोंडू निघाले. डोक्याला टोपी, तोंडाला सावित्रीने साडीच्या काठाचा शिवलेला मास्क. रस्त्याच्या मधोमध उभे राहून ते एका दमात चार घरांची चौकशी करायचे. पहिल्याच आठवड्यात घोटाळाही झाला. पोट बिघडलेल्या एका पाहुण्याला त्यांनी भर रस्त्यातून विचारलं, “जुलाब किती वेळा झाले?” तो बिचारा पुढचे दोन दिवस खिडकीतही आला नाही. त्या रात्री सावित्रीने नियम घालून दिला. “ताप, खोकला, किराणा एवढंच तुम्ही विचारायचं. बाकीचं वेदिका फोनवर विचारेल.”

“बरा,” धोंडू म्हणाले. त्यांनी तो नियम पाळला.

तांदळाचं ऐकलं तेव्हापासून सावित्रीही गप्प बसली नव्हती. बंद घरातल्या माणसांसाठी तिने पेज आणि भाकऱ्या करायला घेतल्या. आधी एका घरापुरत्या, मग शेजारणींनी पीठ आणून दिलं तशा सहा घरांपुरत्या. डबे गडग्यावर ठेवायचे आणि लांब व्हायचं. धोंडू हाक द्यायचे, “भाकरी आल्येय! गरम आहे तोवर घ्या!” महिनाभरापूर्वी जिथे ती दारं लावून बसायची, तिथल्या बायका आता तिला नावाने ओळखायला लागल्या.

वाडीच्या टोकाला गोदाकाकी भाटकर एकट्या राहायच्या. एकुलता मुलगा अनिल मुंबईला. ऐंशीच्या पुढचं वय, कानाने कमी. तरी इतके दिवस त्यांचं काही अडलं नव्हतं, कारण त्या समोरच्याच्या ओठांकडे बघून सगळं समजून घ्यायच्या. मग सगळ्यांच्या तोंडांवर फडकी आली आणि काकींचं जग एकदम बंद झालं. भाजीवाला काय म्हणतो कळेना, वेदिका काय म्हणते कळेना. त्यांनी दार उघडणंच सोडून दिलं होतं. वेदिकाला त्यांची फार काळजी होती.

धोंडू त्यांच्या घरापुढच्या खळ्यात उभे राहिले. “काकी! जेवण झाला काय?”

आत काहीतरी पडलं. दार किलकिलं झालं. पांढऱ्या केसांचं एक डोकं बाहेर आलं आणि या मास्क लावलेल्या परक्या माणसाकडे बघत राहिलं.

“कोण रे तू?” काकी म्हणाल्या. “परत बोल.”

“धोंडू शिगवण! जेवण झाला काय, विचारतोय!”

“ऐकू आला!” काकी म्हणाल्या आणि उंबऱ्यातच बसल्या. “अरे, दोन महिने झाले, मला वाटलं माझे कान कायमचे गेले. आता तू बोलत राहा. काय पण बोल.”

मग धोंडूंनी बांगडा काय भावाने मिळतो ते सांगितलं, पुलावर किती पोलीस आहेत ते सांगितलं, शाळेत उतरलेल्या चाकरमान्यांची नावंही सांगितली. काकी एकेक शब्द हावरटासारखा ऐकत होत्या. सावित्री डबा घेऊन मागे उभी होती. तिचे डोळे भरून आले आणि तिने ते पदराने पुसले. त्या दिवशी ‘हळू बोला’ म्हणायचं तिच्या जिभेवरसुद्धा आलं नाही.

मग रोजच संध्याकाळी काकींच्या खळ्याशी उभं राहून बातम्या सांगायचा परिपाठ पडला. काकींसाठी म्हणून सांगितलेलं सगळी वाडी पडवीत बसून ऐकायची. मध्येच कुठूनतरी फर्माईश यायची, “काका, रेशन कधी येणार ते सांगा!”

जूनच्या सुरुवातीला वादळ आलं. सकाळपासून वारा फिरला होता. माड जमिनीला टेकतील असे वाकत होते. वीज गेली, फोन गेले. शाळेच्या छपराचे पत्रे उडायला लागले, आणि तिथे तर मुंबईहून आलेली माणसं, लहान मुलंसुद्धा होती. त्यांना देवळाच्या सभागृहात हलवायचं होतं, पण वाडीतल्या माणसांपासून लांब ठेवून. धोंडू उठले.

“तुम्ही नका जाऊ,” सावित्री म्हणाली.

“त्यांना सांगणार कोण? फोन लागत नायत.” त्यांनी इरलं घेतलं. “तू काकींकडे जा. त्या एकट्या आहेत.”

सावित्री गोदाकाकींकडे जाऊन बसली. कौलं कडकडत होती, मागे एक माड आडवा झाला तेव्हा जमीन हादरली. काकींना वादळाचा आवाज येत नव्हता. त्या सावित्रीच्या चेहऱ्याकडे बघून अंदाज घेत होत्या. सावित्री कान लावून होती. वाऱ्याच्या घोंगावण्यातून लांबून, शाळेच्या बाजूने हाक आली, “पोरांना मधी घ्या! भिंतीच्या कडेने चला!” थोड्या वेळाने ती देवळाच्या बाजूने आली. मग बराच वेळ काहीच नाही. तिने काकींचा हात घट्ट धरला. नवऱ्याचा आवाज ऐकू यावा म्हणून आयुष्यात पहिल्यांदाच ती देवाला विनवत होती. आणि मग अगदी जवळून, गडग्यापलीकडून, “सावित्री! सगळे पोचले गो! चाय टाक!”

काकी खुदकन हसल्या. “तो माझ्या पण कानावर आला,” त्या म्हणाल्या.

पावसाळा सरत आला तशी माणसं सुटी झाली, पूल खुला झाला. काशीराम परत फेऱ्या मारायला लागला. पण त्याच सुमारास गोदाकाकींनी सावित्रीला बोलावून घेतलं. त्यांच्या घराला लागून त्यांच्या दिराचं घर होतं. दीर बदलापूरला कायमचे राहिले होते, घर बंद पडून होतं. ते विकायचं त्यांनी काकींवरच सोपवलं होतं, आणि काकी येईल त्या गिऱ्हाइकाला परतवून लावत होत्या.

“बघून घे,” काकींनी किल्ली दिली. “आवडलं तर बोला.”

तीन खोल्या, पुढे पडवी, मागे विहीर. माड दोनच काय, चार होते. खरं तर पाच, पण एक वादळात गेला होता. सावित्री स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहिली आणि तिथून हलेचना. धोंडू तिच्या कानाशी वाकले. काकी आणि काशीराम दोघंही पडवीत होते.

“घर झकास आहे गो! मागतील ते देऊ, पण सोडायचा नाय!”

काशीरामने कपाळाला हात लावला. भाव करायला आता उरलं काय? काकी मात्र काठी टेकत आत आल्या. “ऐकला मी,” त्या म्हणाल्या. “आता मीही सांगते. दिराने सांगितलंय त्यापेक्षा कमीच घेईन. त्याची समजूत मी घालते. शेजारी काय रोज विकत मिळतो?”

दिवाळीच्या आधी घराची पूजा झाली. निलेश मुंबईहून आला, वेदिका तोरण घेऊन आली, आणि वाडीतल्या बायकांनी सावित्रीला चुलीजवळ फिरकू दिलं नाही. “तुझ्या भाकऱ्या पुष्कळ खाल्ल्या,” त्या म्हणाल्या, “आज बस.”

पुढच्या वर्षी लस आली. वाडीतली म्हातारी माणसं सुईला घाबरत होती, म्हणून वेदिकाने धोंडूंना पुढे घातलं. त्यांनी दोन दिवस घरोघर समजावलं, “काय होत नाय, मी स्वतः पहिला घेणार!” शाळेबाहेर चांगली रांग लागली. धोंडू ऐटीत आत गेले. सावित्री रांगेत चौथी होती. आतून, दारं बंद असूनही, स्पष्ट ऐकू आलं, “आई गं! मेलो!”

रांगेतली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मागची दोन तर सायकली काढायला निघाली. सावित्रीला हसू आवरेना, आणि वेदिका दारात येऊन हात जोडत होती.

गोदाकाकी खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी काठी उचलली. “धर गो मला,” त्या सावित्रीला म्हणाल्या आणि सरळ आत गेल्या. थोड्या वेळाने दंड चोळत बाहेर आल्या. “मुंगी चावते तेवढाच,” त्यांनी रांगेला सांगितलं. “धोंडूचा काय ऐकता? त्याला भाजीत मीठ जास्त झाला तरी तो एवढाच ओरडतो.”

हसण्याची एक लाट रांगेतून गेली. सायकली परत भिंतीला टेकल्या. आणि आतल्या खुर्चीवरून, दंडाला कापूस लावून बसलेले धोंडू म्हणाले, “पुढचा कोण? या, या, काय होत नाय!”