मधुमालतीवर मारलेलं औषध

आई गेल्यावर आबा तेलगावहून बीडला माझ्याकडे आले, ते फवारणीचा पंप पोत्यात गुंडाळून. माझं दोन खोल्यांचं घर, फाटकावर चढलेली एक मधुमालती. इथं फवारायचं काय, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं.

पहिल्या दिवसापासून त्यांचं एकच पालुपद होतं, "चार दिस ऱ्हातो अन् जातो." गावाकडं आता त्यांना भाकर करून घालणारं कुणी नव्हतं. त्यांनी इथंच राहावं म्हणून माझा जीव तुटत होता, आणि त्यांचा जीव इथं रमत नव्हता. वेलाकडे बघून म्हणायचे, "ना शेंग, ना बोंड. कावून वाढवलं हे?"

एकदा शाळेत शिकवून परतले, तर अंगणात ओळखीचा उग्र वास. कपाशीचं उरलेलं औषध आबांनी भर फुलांत वेलावर मारलं होतं. "पानाला अळी लागलती," ते ऐटीत म्हणाले. जन्मभर अळी दिसली की पंप उचलायचा, एवढंच हातांना ठाऊक.

सकाळी पायरीवर मधमाश्या मरून पडल्या होत्या. मी चिडले, तोंडाला येईल ते बोलले. आबांनी पायरी झाडली आणि पंप माळ्यावर टाकला.

"माशा परत आल्या की जातो," ते म्हणाले. "तवर न्हाई."

मग रोज सकाळी फाटकाशी खुर्ची टाकून बसायचे. पानं पाण्यानं धुवायचे. नवे घोस आले. संध्याकाळी पांढरी उमललेली फुलं दुसऱ्या दिवशी गुलाबी, मग लाल. गल्लीभर वास सुटला, पण माशी फिरकेना.

एका रविवारी आबा दूध आणायला गेले असताना मला गुणगुण ऐकू आली. गुलाबी फुलांवर तीन मधमाश्या. मी हरखले, आणि लगेच आठवलं, माश्या आल्या की आबा जाणार.

"दिसलं का काई?" आल्या आल्या त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले. लाज वाटली, तरी म्हणाले.

आठ दिवस असेच काढले. शेवटी राहवेना. चहा देताना सांगून टाकलं, "आबा, माश्या आल्यात. मागच्या रविवारीच आल्या."

आबांनी चहा बशीत ओतला, फुंकर मारली.

"मला त्याच्या आधी गुरुवारीच दिसलत्या," ते म्हणाले. "उद्यापासून साखर जरा जास्ती टाकत जा."